उपाशीपोटीची गोळी

डोंबिवली पूर्वेच्या एका काकांच्या मानेत गाठ आली. लिम्फोमा निघाला. किमोआधी डॉक्टरांनी हेपेटायटिस बीची तपासणी लिहून दिली, तर काका उगाचच चिडले. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, तेव्हा त्यांनी ट्रंकेच्या तळातून रक्तपेढीचं पिवळं पडलेलं पत्र काढलं. वीस वर्षांपूर्वी रक्तदान शिबिरानंतर आलेलं. "मुलीचं लग्न व्हायचं होतं," एवढंच बोलले.

डॉक्टर म्हणाले, "विषाणू लिव्हरमध्ये दबून बसलाय. किमोसोबतचं रितुक्सिमॅब तुमच्या बी पेशीच संपवतं, मग हा उसळतो. लिव्हर निकामी होऊ शकतं, आणि किमो अर्ध्यात थांबते ती वेगळीच. अमेरिकेत 2013 पासून या औषधाच्या माहितीपत्रकावर हा इशारा चौकटीत छापतात."

म्हणून आधी एन्टेकाविर सुरू झालं. रोज एक गोळी. जेवणानंतर दोन तास, पुढच्या खाण्याआधी दोन तास. काका ती पहाटे पाचला घेत आणि सातपर्यंत तिच्या नावाने बोटं मोडत चहाची वाट पाहत. (डोंबिवलीकराला सकाळी दोन तास बिनचहाचा ठेवणं ही शिक्षाच.)

सहा किमो झाल्या. स्कॅन स्वच्छ आला, पेढे वाटले. मग काकांचा चहा साडेपाचला होऊ लागला. गोळीचं विचारलं की "घेतली, घेतली." एकदा तुळशीला पाणी घालताना काकूंना मातीत अर्धवट विरघळलेली गोळी दिसली.

"कॅन्सर गेला ना, आता कशाला?"

"दिवा स्टेशनला उतरून घरी पोचलो म्हणता का कधी? शेवटच्या डोसनंतर किमान वर्षभर, असं डॉक्टर तुमच्यासमोरच म्हणाले होते."

त्याच सकाळी रक्त तपासलं. डोळे अजून पांढरेच होते, पण लिव्हरचा एसजीपीटी चढलेला, विषाणूही वाढलेला. गोळी लगेच पुन्हा सुरू झाली. आकडे उतरेपर्यंत काकू एका शब्दाने बोलल्या नाहीत. काकांना तेच जास्त लागलं.

डॉक्टर रागावले नाहीत. घरात कुणाकुणाची तपासणी झालीय, एवढंच त्यांनी विचारलं. कुणाचीच नव्हती. काकू आणि मुलगी निगेटिव्ह आल्या, दोघींची लस सुरू झाली. काकूंनी आपला रिपोर्ट दोनदा वाचला. "वीस वर्षं," म्हणाल्या.

उरला कल्याणचा धाकटा भाऊ. हा विषाणू आईकडून जन्मताच येऊ शकतो, म्हणजे त्याचीही तपासणी हवी. 2018 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी-औषधं मोफत आहेत, तरी तो टाळत होता. काकांनी फोन लावला.

"दादा, मला कुठे काय होतंय?"

"मला तरी कुठे होत होतं? उद्या आठला येतो. चहा पिऊन निघ, या तपासणीला चालतो."