गीता ४.३४ : तीन हजार तास उडल्यावर पुन्हा विद्यार्थी



आज चौथ्या अध्यायातला ३४वा श्लोक. ज्ञान मिळवायचं कसं, यासाठी भगवंत तीन गोष्टी सांगतात: प्रणिपात, परिप्रश्न आणि सेवा. नम्र होऊन जा, नीट विचार, सेवा कर. आपल्यापैकी बऱ्याच जणांना हा श्लोक पाठ असतो. पण तो कोणाला सांगितलाय, याकडे लक्ष जात नाही. समोर अर्जुन आहे. काल गुरुकुलात दाखल झालेलं पोर नाही, द्रोणांचा सगळ्यात तयार शिष्य, कितीतरी लढाया जिंकलेला माणूस. आपल्या भाषेत सांगायचं तर हा श्लोक फ्रेशरला नाही, सीनियरला सांगितलाय.

गेले काही महिने हा श्लोक मला एका मित्रामुळे सारखा आठवतोय. मित्र पायलट आहे. भारतात ए३२० वर ३००० हून जास्त तास, डीजीसीएचा एटीपीएल, म्हणजे पायलटचा सगळ्यात वरचा परवाना, हातात. बायकोला जर्मनीत नोकरी लागली, म्हणून तोही तिकडे गेला. तिथल्या एअरलाइनमध्ये कायमचं उडायचं तर युरोपियन परवाना लागतो. नियम सगळ्या युरोपियन युनियनला सारखे, त्यांची संस्था ईएएसए कोलोनला. पण परवाना ती देत नाही, तो त्या त्या देशाचं प्राधिकरण देतं. जर्मनीचं ब्राउनश्वाइगला आहे.

आता गंमत बघा. त्याच्याइतका अनुभव असेल, आणि ज्या विमानावर परीक्षा द्यायची त्याचं रेटिंग चालू असेल, तर ट्रेनिंगचा कोर्स पूर्ण माफ होऊ शकतो. परीक्षा मात्र माफ नाही. १३ विषय, प्रत्येकात किमान ७५ टक्के. पहिला पेपर दिला त्या महिन्याच्या अखेरीपासून १८ महिन्यांत सगळे सुटायला हवेत, आणि एका पेपरला जास्तीत जास्त चार संधी. शिवाय क्लास वन मेडिकल नव्याने, आणि शेवटी परीक्षकासमोर उडवून दाखवायचं.

तो फोनवर चिडून म्हणाला, "विमान हवेत का राहतं, हे मी आता कागदावर लिहून दाखवू? इतकी वर्षं काय करत होतो मग?"

राग समजतो. बारा वर्षं कोड लिहिलेल्या माणसाला कोणी सेकंड इयरचा डेटा स्ट्रक्चर्सचा पेपर दिला तर कसं वाटेल! (आपल्याकडे इंटरव्ह्यूत ते करतातच म्हणा.)

एक मात्र स्पष्ट सांगतो. सरकारी ऑफिस म्हणजे गुरू नव्हे, आणि फी भरली म्हणजे प्रणिपात झाला असंही नाही. प्रत्येक त्रासाला अध्यात्माचा मुलामा द्यायची आपल्याला सवय लागलीये, ती मला आवडत नाही. नियम आहे म्हणून पेपर द्यावे लागतात, एवढंच. ते कसे द्यायचे, हे मात्र त्याच्या हातात होतं. प्रश्नसंच घोटूनही पेपर काढता येतात. सुरुवातीला त्याने तेच ठरवलं होतं: घोका, सुटा, विसरा.

मग हवामानाच्या विषयात गोठणाऱ्या पावसाचा प्रश्न आला. वर उबदार हवेचा थर, खाली शून्याखालची हवा. पावसाचा थेंब खाली येताना शून्याच्या खाली जातो, तरी पाणीच राहतो, आणि विमानाच्या पंखाला टेकला की तिथेच बर्फ होतो. पंखाचा आकार बिघडतो, वजन वाढतं. मुंबई-चेन्नई करणाऱ्या माणसाला हे पुस्तकातून माहीत असतं, पण कधी अंगावर आलेलं नसतं. त्या दिवशी त्याने इन्स्ट्रक्टरला तासभर प्रश्न विचारले. इन्स्ट्रक्टर वयाने त्याच्यापेक्षा लहान! परिप्रश्न तो हा. उत्तर आधीच माहीत असल्याच्या थाटात विचारलेला प्रश्न वेगळा, आणि हा वेगळा.

हौशी पायलटांचा नियम तर मला जास्तच आवडला. परदेशी खासगी परवाना बदलून घ्यायचा तर किमान १०० तासांचा अनुभव, मेडिकल, भाषेची पात्रता आणि उडवून दाखवण्याची परीक्षा. पण थिअरीच्या ९ विषयांपैकी दोनाचंच ज्ञान पुन्हा दाखवावं लागतं. एक हवाई कायदा, दुसरा ह्यूमन परफॉर्मन्स, म्हणजे माणसाच्या शरीराच्या आणि मनाच्या मर्यादा. मी यावर बराच विचार केला. वाऱ्याची दिशा काढायची रीत देश बदलला म्हणून बदलत नाही. कायदा बदलतो, तो विचारणारच. पण माणूस तर सगळीकडे तोच, मग त्याचा पेपर का?

त्या विषयात काय असतं बघा. ढगात विमान हळूहळू, एकसारखं वळत राहिलं, तर थोड्या वेळाने कानाच्या आतलं द्रव स्थिर होतं आणि कान सांगतो, आपण सरळ चाललोय. पंख सरळ केले की वाटतं, उलट्या बाजूला कललो. शरीर खात्रीने खोटं बोलतं, आणि तेव्हा समोरच्या यंत्रावर विश्वास ठेवावा लागतो. किंवा ऑक्सिजन कमी पडणं. त्यात माणसाला घाबरल्यासारखं वाटेलच असं नाही. उलट मस्त वाटू शकतं, आपलं सगळं बरोबर चाललंय असं वाटतं. म्हणून केबिनचा दाब गेला की आधी मास्क, मग विचार.

'मला कळतंय' ही भावना आणि खरंच कळणं यांत एवढं अंतर असू शकतं. अनुभवी माणसाला हे पुन्हा विचारतात, ते मला योग्य वाटतं. प्रणिपात म्हणजे नुसतं डोकं टेकणं असं मी बरीच वर्षं ऐकलंय. या पेपरचा अभ्यासक्रम वाचल्यावर वाटलं, आपलं डोकं कुठे कुठे फसतं याची यादी स्वतः करणं हाही प्रणिपातच.

सेवेबद्दल आज थोडक्यात. ए३२० मध्ये मागे १८०च्या आसपास माणसं बसतात. पुढच्याने गोठणारा पाऊस घोकला की समजून घेतला, हे त्यांना कधीच कळत नाही.

मित्राचे सात पेपर सुटलेत, सहा बाकी आहेत. त्यानंतर नोकरी मिळेलच, असं त्याला कोणी सांगितलेलं नाही. भारतीय परवाना त्याच्याकडे आहेच, तो कोणी काढून घेतलेला नाही. परत यायचा पर्यायही त्याने बंद केलेला नाही.

तुमच्यापैकी कोणी डॉक्टर, नर्स, वकील परदेशात पुन्हा परीक्षा देत असाल तर नक्की लिहा. उद्या ३५वा श्लोक.

राम कृष्ण हरी.