हमी आणि प्रार्थना

मध्ययुगाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये अडलेल्या बाळंतिणीच्या अंगाभोवती प्रार्थना लिहिलेला चर्मपत्राचा पट्टा गुंडाळत असत. लंडनच्या वेलकम संग्रहात असा एक पट्टा आहे. तो सुमारे ३.३ मीटर लांब आणि अवघा १० सेंटिमीटर रुंद आहे. त्यावर क्रूस आणि ख्रिस्ताच्या जखमा रंगवल्या आहेत, आणि वारंवार स्पर्श होऊन काही चित्रे झिजली आहेत. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रथिनांच्या तपासणीत त्यावर मध, दूध, अंडी यांच्याबरोबर योनिस्रावाच्याही खुणा सापडल्या. म्हणजे हा पट्टा नुसता पेटीत जपलेला नव्हता, तो खरोखर वापरात होता. त्याला अंधश्रद्धा म्हणून मोकळे होणे मला अन्यायाचे वाटते.

पहिला आक्षेप धर्माच्या आतूनच येतो: अक्षरे अंगाला बांधून देवाची कृपा ओढून आणता येते का? तेराव्या शतकात ख्रिस्ती धर्मचिंतक थॉमस अक्वायनसने पवित्र वचने धारण करण्यास मुभा दिली, पण अनोळखी नावे नकोत आणि लिहिण्या-बांधण्याच्या रीतीवर भरवसा नको, अशा अटी घातल्या. पट्ट्यांवर मात्र, हा अंगावर असेल तर बाळ-बाळंतीण सुखरूप राहतील, अशी हमीच दिलेली आढळते. ती या कसोटीला उतरत नाही, हे मान्य केले पाहिजे. पण हमी लिहिणाऱ्याचा दोष वेणा सोसणारीच्या माथी का मारावा? बाळंतिणीच्या खोलीत सुईण आणि शेजारणी असत, धर्मगुरूला सहसा तिथे प्रवेश नसे. तिथवर प्रार्थना पोहोचत होती ती या पट्ट्यातून.

दुसरा आक्षेप अनुभवाचा आहे. सातव्या हेन्रीची राणी एलिझाबेथ हिच्याकडे डिसेंबर १५०२ मध्ये एका मठवासीयाने मरियेचा पट्टा आणला. फेब्रुवारी १५०३ मध्ये बाळंतपणानंतर नवव्या दिवशी ती वारली. पट्टा जीव वाचवत नव्हता, हे खरेच. पण पुढे धर्मसुधारकांनी असे पट्टे बंद केले, तेव्हा त्यांच्या जागी कोणता उपाय दिला? बाळंतरोगाचे मृत्यू झपाट्याने घटले ते विसाव्या शतकात, जंतूंवर औषधे आल्यावर. तोवर बाईच्या हाती धीराखेरीज फारसे काही नव्हते. म्हणून हमी आणि प्रार्थना वेगळ्या तोलाव्यात. हमी खोटी होती, ती नाकारलीच पाहिजे. प्रार्थना खरी होती आणि ती आदराला पात्र आहे.