तंट्याचं वय

खून कोण करतो, असं विचारलं की आपल्या डोळ्यांपुढे दरोडेखोर, सुपारी घेणारे, डोकं फिरलेले अनोळखी लोक येतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे तसं सांगत नाहीत. २०२२ साली देशात २८,५२२ खुनांचे गुन्हे नोंदले गेले. त्यांतल्या ९,९६२ खुनांचं कारण ‘वाद’ असं नोंदलेलं आहे, ३,७६१ वैरातून झाले आणि लाभासाठी झालेले १,८८४. ज्याच्या भीतीने आपण दाराला आतून दोन कड्या लावतो, तो चोर या यादीत पहिल्या दोघांच्या बराच मागे आहे. त्याच्या वर चुलतभाऊ, शेजारी, शेताला शेत लागून असलेला भावकीतला माणूस असे लोक बसलेले आहेत.

गुन्हेशास्त्राने हिंसेच्या वर्गवाऱ्या भरपूर केल्या. जागतिक आरोग्य संघटनेने २००२च्या अहवालात तिचे तीन भाग पाडले: माणसाने स्वतःवर केलेली, माणसाने माणसावर केलेली आणि समूहांनी केलेली. दुसऱ्या भागाचे पुन्हा दोन उपभाग, घरातली आणि घराबाहेरची. काहीतरी मिळवण्यासाठी केलेली हिंसा आणि रागाच्या भरात झालेली हिंसा, असाही भेद करतात. हे सगळं उपयोगाचं आहे. पण उरणपासून श्रीवर्धनपर्यंतच्या किनाऱ्यावरची भांडणं पाहिली की या वर्गवाऱ्यांत एक रकाना कमी वाटतो, तो तंट्याच्या वयाचा. हाणामारीच्या क्षणी ते भांडण दहा मिनिटांचं होतं की तीस वर्षांचं? माझ्या मते कारण आणि उपाय दोन्ही या उत्तरावर ठरतात.

दहा मिनिटांची भांडणं शिमग्यात होतात, हळदीच्या रात्री होतात, शनिवार-रविवारी किनाऱ्यावर गाडी लावण्यावरून होतात. मार्व्हिन वुल्फगँग या अभ्यासकाने फिलाडेल्फियातल्या १९४८ ते १९५२ या काळातल्या ५८८ हत्या तपासल्या. सुमारे २६ टक्के प्रकरणांत पहिला हात उगारणारा माणूसच शेवटी मेला होता. कोण मारणारा आणि कोण मरणारा हे तिथे स्वभावापेक्षा योगायोगाने ठरलं. डेव्हिड लकेनबिल याने १९७७ मध्ये अशा भांडणांचा क्रम मांडला: एकाने पाणउतारा करायचा, दुसऱ्याने तो गिळायचा नाही आणि भोवतालच्यांनी बघायचं. या बघणाऱ्यांना आपण फार सहज सोडून देतो. पालखीच्या मानावरून सुरू झालेल्या बाचाबाचीत दोघांपैकी कुणालाच मारायचं नसतं, पण आख्खी वाडी बघत असताना मागे सरकणंही जमत नाही. एखाद्या वडीलधाऱ्याने हात धरून बाजूला नेलं तर दोघेही मनातून सुटल्यासारखे होतात. दारू असली की तो हात झिडकारला जातो.

त्यात हत्यार शोधावं लागत नाही. नारळी-पोफळीच्या मुलखात कोयता घरोघरी असतो. पुढचं बरंचसं रस्त्यावर अवलंबून. श्रीवर्धन-म्हसळ्याकडच्या गंभीर जखमीला अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात न्यायचं तर मध्ये राजपुरीची खाडी येते. दिघी-आगरदांडा फेरीबोट धरायची, नाहीतर लांबच्या वळशाने जायचं. तोच घाव, तोच राग; जखमी वेळेत पोचला तर कलम एक, नाही पोचला तर दुसरं. वैद्यकीय मदत सुधारली की हल्ले तेवढेच राहूनही खुनांची संख्या घटते, हे अमेरिकेतल्या अभ्यासांनी दाखवलंय. आपण ज्याला ‘गुन्ह्याचा प्रकार’ म्हणतो त्यात रुग्णवाहिकेचाही वाटा असतो.

म्हातारे तंटे वेगळे. खारेपाटातल्या कुठल्याही गावचा सातबारा उघडा. आजोबांच्या नावाखाली वारसांची रांग, त्यांतले निम्मे मुंबईला, कुणाची वारस नोंद राहिलेली, कुणाच्या हक्कसोडपत्राबद्दल संशय. जमिनीला भाव नव्हता तोवर हे चालून गेलं. १९७० पासून सिडकोचं भूसंपादन सुरू झालं, पुढे न्हावा-शेवा बंदर आलं. या भूसंपादनाविरुद्धच्या जानेवारी १९८४च्या आंदोलनात जासई परिसरात गोळीबार होऊन पाच माणसं गेली. त्या लढ्यातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली आणि वारसांमध्ये वाटण्यासारखं काहीतरी पहिल्यांदाच हाती आलं. अलिबाग-मुरुडकडे बंगलेवाल्यांनी जमिनीला भाव आणला. १२ जानेवारी २०२४ला अटल सेतूचं उद्घाटन झालं आणि मुंबई आणखी जवळ आली. मुलींना वडिलोपार्जित जमिनीत समान हिस्सा महाराष्ट्राने १९९४ साली आणि देशाने २००५ साली दिला. हक्क न्याय्यच होता, पण बहिणीने सही नाकारली की ‘आजवर कधी मागितलं नाही’ हे वाक्य ऐकू येतं. ते कितीतरी भांडणांच्या मुळाशी आहे.

असा तंटा एका दिवसात कोयत्यापर्यंत पोचत नाही. आधी बांध कोरला जातो, मग मोजणीचा अर्ज, मग फेरफारावर हरकत, मग शिवीगाळ. पोलीस ठाण्यात एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची तक्रार, नोंदवली जाते. अदखलपात्र गुन्ह्याचा तपास न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलिसांना करता येत नाही, म्हणून तक्रारदार कागदाची प्रत घेऊन घरी येतो. फार झालं तर दोघांवर चॅप्टर केस, म्हणजे शांतता राखण्याची हमी घेणारी कारवाई. ज्याने तक्रार केली त्यालाही बाँड द्यावा लागतो, आणि सरकार आपल्या बाजूचं नाही, हे तो मनाशी पक्कं करतो.

पण जुना तंटा म्हणजे रक्तपातच, असंही नाही. याच मुलखात २७ ऑक्टोबर १९३३ रोजी चरीला शेतकऱ्यांची सभा झाली आणि खोतांची जमीन कसायची नाही असं ठरलं. नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली तो संप १९३९ पर्यंत टिकला. पंचवीस गावांनी उपासमार काढली, जंगलातली लाकडं विकून दिवस काढले. खोताबद्दलचा राग पिढ्यान्‌पिढ्यांचा होता. एखाद्या खोताच्या अंगावर धावून जायला तो पुरेसा होता. त्या रागाला सभा मिळाली, मागणी मिळाली, पुढारी मिळाला. भावाभावांच्या वादाला यातलं काहीच मिळत नाही. त्याला फक्त वकील मिळतो आणि तारीख मिळते.

कायद्यालाही वेळेचा प्रश्न सतावतो. २७ एप्रिल १९५९ला मुंबईत नौदल अधिकारी कावस नानावटी यांनी प्रेम आहुजाला गोळ्या घातल्या. पत्नीची कबुली ऐकल्यावर त्यांनी बायको-मुलांना मेट्रो सिनेमाला सोडलं, जहाजावर जाऊन रिव्हॉल्व्हर घेतलं आणि मग ते आहुजाच्या घरी गेले. ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष ठरवलं तरी सर्वोच्च न्यायालयाने १९६१ साली जन्मठेप कायम केली. मधल्या जवळपास तीन तासांत राग निवायला अवसर होता, असं न्यायालयाचं म्हणणं. मात्र आधीच्या कृत्यांनी तयार झालेली मनाची पार्श्वभूमीही पाहिली पाहिजे, हे त्याच निकालात आहे. आता भारतीय दंड संहितेच्या जागी न्याय संहिता आली. अचानक प्रक्षोभ आणि अचानक भांडण हे अपवाद तिच्यातही राहिले. कायदा शेवटच्या तासांकडे बारकाईने बघतो. तीस वर्षांचा फेरफार त्याला पार्श्वभूमी म्हणून दिसतो.

घरातल्या बाईला मारहाण होते तिथे मात्र माझा हा वयाचा हिशेबही अपुरा पडतो. ते भांडण नसतंच. एक मारतो, दुसरी मार खाते. २०२३ मध्ये जगभरात सुमारे ५१,१०० स्त्रिया आणि मुली जोडीदाराच्या किंवा कुटुंबीयांच्या हातून मेल्या, असा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज आहे. याला ‘नवरा-बायकोचा वाद’ म्हणून मिटवायला बसणारी चार माणसं मारणाऱ्याला मुदत वाढवून देतात. २००५च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने संरक्षण अधिकारी दिला, पण त्याचं कार्यालय गावात नसतं. गावकी गावात असते.

गावकीबद्दल हळवं होणारे लेखक मला समजत नाहीत. तिने शेकडो भांडणं एका बैठकीत मिटवली, हे खरं. पण न ऐकणाऱ्याला वाळीत टाकण्याचं हत्यार तिच्याच हातात होतं, आणि रायगड जिल्ह्यातून अशा तक्रारी सातत्याने येत राहिल्या. वाळीत टाकलेल्या घरात कुणी मयताला येत नाही, दुकानदार मीठ देत नाही. यात रक्त सांडत नाही, म्हणून आकड्यांतही येत नाही. मुंबई राज्याने १९४९ मध्ये बहिष्कारबंदी कायदा केला होता, तो सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली घटनाबाह्य ठरवला. नवा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा ३ जुलै २०१७ रोजी लागू झाला. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. मधली पंचावन्न वर्षं वाळीत टाकलेल्या माणसाच्या हाती त्यासाठीचा वेगळा कायदाच नव्हता.

१५ ऑगस्ट २००७ला सुरू झालेली महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम ही माझ्या मते सरकारने केलेली गुन्हेशास्त्राची सगळ्यात धीट मांडणी होती. तेव्हाचे गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी धरलेलं सूत्र बरोबर होतं: मोठा गुन्हा लहान तंट्यात असतो, तो तिथेच धरा. दिवाणी, महसुली, तडजोडीचे फौजदारी वाद गावच्या समितीपुढे आले. बिघडलं ते बक्षिसामुळे. गाव तंटामुक्त ठरलं की रक्कम मिळायची. मग तंटा नसण्याइतकंच तो न दिसणंही फायद्याचं झालं. समितीत गावकीतलीच वजनदार घरं बसली की वरचढ भाऊ म्हणेल ती तडजोड, आणि सही न करणारा गावाचं बक्षीस घालवणारा ठरायचा.

बहुतेक तालुक्यांच्या गावी पोलीस ठाणं, तहसील कचेरी आणि भूमी अभिलेखचं कार्यालय एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर असतात. एकाच घरातल्या दोघांच्या नावाची तिसरी-चौथी एनसी ठाण्यात असते, हरकतीचा अर्ज कचेरीत आणि मोजणीचा अर्ज भूमी अभिलेखमध्ये. एनसीवर नावं पुन्हा दिसली की ठाण्याने तहसीलदाराला कळवायचं आणि मोजणी आधी करून द्यायची, एवढ्याला नवा कायदा लागत नाही. आज ते तिन्ही कागद पहिल्यांदा एकत्र येतात ते आरोपपत्राला जोडताना.