झोळी पुढे करताना

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥



दत्तमहाराजांचं प्रातःस्नान काशीला, दुपारची भिक्षा कोल्हापूरला आणि रात्रीची निद्रा माहूरगडावर, हे आपण सगळे लहानपणापासून ऐकत आलो. आम्ही पोरं तेव्हा हिशेब मांडायचो की एका दिवसात एवढं अंतर कापायला महाराजांजवळ गाडी कोणती असेल, राजदूत की जावा? मोठी माणसं हसायची. आता वयाच्या ६४ व्या वर्षी त्या तीन गोष्टींतली मधली मला अडवून धरते. सहा हातांत शंख, चक्र, त्रिशूळ, डमरू, माळ, कमंडलू, आणि काखेला झोळी. कमी काय होतं त्या देवाला? तरी रोज दुपारी कोणाच्या तरी दारात उभा.

देण्यावर प्रवचनं पुष्कळ होतात. दान द्या, अन्न द्या, सेवा द्या. घेण्यावर मात्र मी फार कमी ऐकलं. म्हणून या जयंती अंकासाठी लिहा म्हटल्यावर मी हाच विषय धरला. मी काही पुराणिक नाही. शेंदूरजनाघाटात आमची संत्र्याच्या कलमांची नर्सरी, घरात गुरुचरित्राची पोथी आणि जन्माचा नाद मोटारसायकलचा. तेवढ्याच भांडवलावर बोलतो आहे.

नाद म्हणजे खरंच नाद. आधी जुनी राजदूत, मग १९८५ पासून बुलेट, जुन्या धाटणीची. गिअर उजव्या पायात, ब्रेक डाव्या पायात. आजकालच्या पोरांना त्यावर बसवलं की गोंधळतात. किक मारण्याआधी अँपिअरच्या काट्याकडे पाहायचं, बारीक खटका दाबून पिस्टन योग्य जागी आणायचा, मग एकच लाथ. घाई केली की किक उलटते आणि नडगी फोडते. त्या गाडीवर दर जयंतीच्या आसपास कारंज्याला, तिथून दारव्हा, आर्णी करत माहूरला. दत्तशिखर, अनसूयेचं शिखर, रेणुकामाता. १९९२ साली मंडळींना मागे बसवून थेट गाणगापूरपर्यंत गेलो. नांदेड, लातूर, सोलापूर, अक्कलकोट. अक्कलकोटच्या अलीकडे क्लचची वायर तुटली. एका सायकल दुरुस्तीवाल्याने कुठून तरी वायर शोधली, उन्हात बसून जोडून दिली आणि पैसे घेतले नाहीत. "गाणगापूरले चालले ना, तिथं आमचं नाव घेजा," अशा अर्थाचं काहीतरी तो कानडी-मराठीत म्हणाला. मी बळेच दहाची नोट त्याच्या खिशात कोंबली. फुकट घेणं मला जमायचं नाही.

आता आजाराचं सांगतो. माझ्या दोन्ही मूत्रपिंडांत पाण्याच्या गाठी आहेत. आजार घराण्यातून येतो. आईलाही हाच होता असं आता वाटतं, तेव्हा गावात त्याचं नाव कोणाला माहीत नव्हतं. गाठी हळूहळू वाढतात, चाळणी निकामी होत जाते. निरोगी माणसाची दोन्ही मूत्रपिंडं मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातलं दीड-दोन लिटरच बाहेर टाकतात, बाकी सगळं शुद्ध करून परत शरीराला देतात. एवढा कारखाना आपल्या पाठीशी चालू असतो आणि आपण त्याची साधी चौकशी करत नाही. माझा बंद पडला. तीन वर्षांपासून आठवड्यातून तीनदा डायलिसिस, प्रत्येक वेळी चार तास. मिनिटाला अर्धा लिटर पाणी त्या यंत्रातून फिरतं, म्हणजे एका खेपेला १२० लिटर. टेक्निशियन पोराला मी इतकं विचारलं की तो म्हणाला, "काका, तुमीच चालवा आता."

डाव्या हातात शस्त्रक्रिया करून धमनी आणि शीर एकमेकांना जोडली आहे, तिला फिस्टुला म्हणतात. रोज सकाळी तिथे बोटं ठेवून पाहायचं की आतली थरथर चालू आहे का. ती थांबली तर लगेच दवाखाना गाठायचा. माझ्यासारख्याला ही थरथर काय सांगावी! उभ्या गाडीचं इंजिन मंद चालू असताना टाकीवर हात ठेवला की जशी लागते, अगदी तशी. अंथरुणातच बोटं ठेवतो आणि त्या तालावर दिगंबराचा जप करतो. पण त्याच हाताने क्लच दाबायचा, आणि त्या हाताला झटका बसू नये असं डॉक्टरांनी बजावलेलं. बुलेट शेडमध्ये उभी आहे. थोरला आठवड्याला सुरू करून ठेवतो.

मग डायलिसिसला जायचं कसं? इथे झोळी आली. मंदिरातल्या सात-आठ पोरांनी आपसात वार वाटून घेतले. सोमवारी एक, बुधवारी दुसरा, शुक्रवारी तिसरा, पुढच्या आठवड्यात आणखी कोणी. त्यांच्या स्प्लेंडरवर, शाईनवर मागच्या सीटवर बसून जातो. पेट्रोलचे पैसे देऊ केले तर एक म्हणाला, "बाबाजी, पैसे काढले तं उद्यापासून येत नाही मी." अवधूताच्या चोवीस गुरूंमध्ये भुंगा आहे. तो एका फुलाला ओरबाडत नाही, थोडं इथलं थोडं तिथलं घेतो. त्यावरूनच मधुकरी शब्द आला. माझं दवाखान्यात जाणं हीही मधुकरीच झाली, कोणा एका घरावर भार नाही. भागवताच्या एकादश स्कंधात मधमाशीचं उदाहरण साठवू नये म्हणून येतं, हेही आठवतं. साठवायला माझ्याजवळ आता काय आहे? पाणीसुद्धा दिवसाला एक लिटर, मोजून. आरतीनंतरचं तीर्थ त्यात धरावं लागतं.

आणि संत्रा बंद. हे वाचून बाहेरगावच्या माणसाला काही वाटणार नाही, पण आमच्या गावात ते कसं असतं ते इथलेच जाणतील. मार्गशीर्षात आंबिया बहाराची फळं निघालेली, मंदिरात प्रसादाला परडीभर संत्री, हाताला सालीचा वास, आणि मी हात जोडून परत. संत्र्यात, शहाळ्यात, केळीत पोटॅशियम असतं. निकामी मूत्रपिंडाला ते बाहेर टाकता येत नाही, आणि रक्तात वाढलं तर हृदय एकाएकी थांबू शकतं.

एक नातलग मला म्हणाले, "तुम्ही एवढे गुरुचरित्र वाचणारे, आणि प्रसादाला भिता? तेराव्या अध्यायात पोटशूळ झालेल्या ब्राह्मणाला महाराजांनी पोटभर जेवू घातलंच ना?" भाविक माणसं असं बोलतात, त्यांच्या मनात वाईट नसतं. पण कथा नीट पाहावी. त्या माणसाला अन्न पचत नव्हतं, दुःखाला कंटाळून तो नदीत जीव द्यायला निघाला होता. महाराजांनी आधी काय केलं? त्याला जीव देण्यापासून अडवलं. आत्महत्येचं पाप सांगितलं. मग सायंदेवाला त्याला घरी नेऊन जेवू घालायला सांगितलं. सायंदेव घाबरला, हा जेवला तर मरेल म्हणाला. तेव्हा गुरूंनी स्वतः जबाबदारी घेतली. ही आज्ञा गुरूंची होती. शेजाऱ्यापाजाऱ्याने ती परस्पर द्यायची नसते. आणि त्या अध्यायातला मला लागू पडणारा भाग जेवणाचा नाहीच, नदीकाठी अडवलं तो आहे. डायलिसिसच्या खाटांवर बसणाऱ्यांना ठाऊक आहे की तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मनात येतं, आता पुरे, उद्यापासून जायचं नाही. आमच्यातला एक जण असाच यायचा थांबला. त्याच्या घरी आम्ही दोघं-तिघं गेलो होतो, तोवर उशीर झाला होता. ज्याच्या मनात असं येईल त्याने ते घरात बोलून टाकावं, त्याच दिवशी. महाराज नदीकाठी कोणाच्याही रूपात उभे असतात.

आता खरं ज्यासाठी लिहायला बसलो ते.

आजार वंशाचा म्हणून डॉक्टरांनी दोन्ही लेकरांची सोनोग्राफी करायला सांगितली. प्रत्येक अपत्याला निम्मा धोका असतो. धाकटीचं निर्मळ निघालं. थोरल्याच्या मूत्रपिंडात गाठी आहेत. वय ३३. त्याला आज काही त्रास नाही, रक्तदाब सांभाळला तर पुष्कळ वर्षं जातील, असं डॉक्टर म्हणतात. त्या रात्री घरात कोणी जेवलं नाही.

आणि त्याच आठवड्यात आमच्या मंडळींनी सांगितलं की मी माझी एक किडनी तुम्हाला देते. वय ५८, प्रकृती धडधाकट. मी नाही म्हटलं. म्हटलं, ठेवायचीच तर पोरासाठी ठेव. डॉक्टरांनी समजावलं, "काका, त्याला लागलीच तर वीस वर्षांनी लागेल, तेव्हा काकू ऐंशीच्या घरात असतील. त्या वयात दाता होता येत नाही." हिशेब पटला, मन ऐकेना. चांगल्या बाईचं पोट कापून मी जगायचं? अवधूताचा कपोत आठवला. पिल्लं आणि कबुतरी जाळ्यात सापडलेली पाहून तोही शहाणपण सोडून जाळ्यात उडी घेतो. अति स्नेह करू नये, असा त्याचा अर्थ. मी तिला ही गोष्ट सांगितली. ती भाकर थापत होती, वर पाहिलं नाही.

"ते कबुतर संन्यास्याले सांगतलं हाय. आपण तं जाळ्यातच राहतो नं! इतके वर्सं मी तुमच्या मांगं बसली, कधी इचारलं का कुठं नेता म्हणून? आता तुमी बसा मांगं, गुपचाप."

यावर पोथीत उत्तर शोधायला गेलो तर तिसावा अध्याय निघाला. माहूरच्या गोपीनाथाचा मुलगा, दत्ताच्या कृपेने झालेला, नावही दत्तच. त्याला क्षय झाला. त्याची बायको सावित्री त्याची सेवा करते, तो जेवढं खातो तेवढंच खाते, आणि शेवटी सासू-सासऱ्यांची परवानगी घेऊन त्याला डोलीत घालून गाणगापूरला निघते. (पुढच्या अध्यायांत स्त्रीधर्माचं जे सविस्तर येतं त्यातलं पुष्कळ आज तसंच्या तसं घेता येणार नाही, हे मी पारायणातही बोलून दाखवतो.) या कथेत आपण नेहमी सावित्रीकडे पाहतो. यंदा मी डोलीत पडलेल्या त्या तरुणाकडे पाहिलं. तो काय करत होता? काहीच नाही. त्याने फक्त स्वतःला नेऊ दिलं. तो 'मला नेऊ नको, तुला त्रास होईल' म्हणून अडून बसला असता तर गाणगापूरला पोचला नसता. संकट टळलं ते महाराजांच्या दारात, पण दारापर्यंत तो नेला म्हणून गेला.

अजगर हा अवधूताचा आणखी एक गुरू. न मागता जे येईल ते घ्यायचं. याला आपण आळस समजतो. मला आता वाटतं, न मागता आलेलं घेणं हे मागण्यापेक्षा कठीण आहे. मागताना निदान आपण काहीतरी करत असतो.

आणि कलमांचं तर मला दुसऱ्याने सांगायला नको. जंभेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरायचा हंगाम हाच, हिवाळ्याचा. आमच्या गावात हजारो हात या दिवसांत तेच करतात. खुंटाची साल चिरायची, आत परका डोळा बसवायचा, पट्टी बांधायची. काही डोळे धरतात, काही वाळतात. शरीरही परक्या अवयवाला सहज धरत नाही, आयुष्यभर गोळ्या खाव्या लागतात. पण चाळीस वर्षांत एकाही खुंटाने मला डोळा नको म्हटलेलं नाही.

रक्तगट जुळला आहे. पौर्णिमेनंतर पुढच्या तपासण्यांसाठी दोघांनाही नागपूरला जायचं आहे. निकाल काय येईल ते महाराज जाणोत. थोरला म्हणतो, मीच नेतो दोघांना. त्याच्याशी अजून मी त्याच्या आजाराबद्दल मोकळेपणाने बोलू शकलेलो नाही, शेडमध्ये दोघंही बुलेटचं प्लग साफ करत बसतो.

यंदाचं पारायण घरी बसून होत नाही, कारण सात दिवसांतले तीन दिवस यंत्राला जोडलेले. म्हणून लहान पोथी दवाखान्यात नेतो, उजव्या हाताने पानं उलटतो. शेजारच्या खाटेवर एक मुसलमान चाचा आहेत, ते म्हणाले, मनात काय वाचता, जरा मोठ्याने वाचा. तेव्हापासून मोठ्याने वाचतो. मांडीला फोड झालेला बेदरचा बादशहा गाणगापूरला येतो तो पन्नासावा अध्याय आहे असं मी त्यांना सांगून ठेवलं आहे. ते दर खेपेला विचारतात, "बादशा आला का?" शुक्रवारी येईल.