मोजणीचे तक्ते मागा

चौकात उड्डाणपूल बांधायचा, की रस्ता रुंद करायचा, की सरळ जाणारी वाट बंद करून पुढून वळसा घालायला लावायचा, हे महापालिकेच्या सभागृहात ठरते असा आपला समज असतो. खरे तर सभागृहात विषय येईपर्यंत ते बहुतेक ठरून गेलेले असते. सल्लागार नेमलेला असतो, त्याने चौकात माणसे किंवा कॅमेरे लावून वाहने मोजलेली असतात आणि त्या आकड्यांवर सविस्तर प्रकल्प अहवाल रचलेला असतो. पुलाची लांबी, मार्गिकांची संख्या, खर्चाचा अंदाज हे सगळे त्या मोजणीच्या आधाराने येते. नागरिकांपुढे मात्र येते ते संकल्पचित्र. त्यात रस्ता मोकळा असतो आणि झाडे हिरवीगार असतात. मग आपण त्या चित्राच्या बाजूने किंवा विरोधात भांडत बसतो.

माझे आग्रहाचे सांगणे आहे की भांडायच्या आधी मोजणीचे मूळ तक्ते मागावेत. अहवालाचा सारांश मिळाला म्हणून समाधान मानू नये.

असा तक्ता दिसायला अगदी साधा असतो. वर चौकाचे नाव, तारीख, वार, दिशा आणि मोजणाऱ्याचे नाव. डावीकडे पंधरा-पंधरा मिनिटांचे रकाने, आडव्या ओळीत दुचाकी, रिक्षा, मोटार, टेम्पो, बस, ट्रक, सायकल, हातगाडी. हाताने मोजणी झाली असेल तर चार उभ्या रेघा आणि त्यांवर पाचवी तिरकी. हा कागद समोर आला की कितीतरी गोष्टी कळतात. मोजणी मे महिन्यात झाली का, म्हणजे शाळा-कॉलेजे बंद असताना? शेजारचा रस्ता त्या आठवड्यात खोदलेला होता का? एकाच दिवसाचे आकडे घेऊन त्यांवर वर्षाची सरासरी काढली का? अहवालात यातले काही दिसत नाही. तिथे फक्त ‘गर्दीच्या तासातील वाहतूक’ असा एक ठोस आकडा असतो आणि आकडा छापला की त्याला वजन येते.

त्या आकड्यामागे आणखी एक पायरी आहे आणि ती प्रत्येकाने समजून घ्यावी असे मला वाटते. वाहने जशीच्या तशी मोजत नाहीत, त्यांचे ‘प्रवासी मोटार एकका’त रूपांतर करतात. इंडियन रोड्स काँग्रेसने शहरी रस्त्यांसाठी 1990 साली दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत मोटार म्हणजे 1 एकक. एकूण वाहतुकीतल्या प्रमाणानुसार दुचाकी 0.5 ते 0.75, सायकल 0.4 ते 0.5, आणि बस 2.2 ते 3.7. कोणते वाहन रस्त्याची किती जागा अडवते, एवढेच सांगण्यासाठी हे माप आहे आणि त्या कामापुरते ते योग्यही आहे. पण याच मापावर शहराचा निर्णय झाला की पन्नास प्रवाशांची बस तीन-चार मोटारींच्या बरोबरीने मोजली जाते, आणि त्या मोटारींत एकेकच माणूस असला तरी हिशेब बदलत नाही. पायी चालणाऱ्याला तर या कोष्टकात जागाच नाही. त्याची मोजणी वेगळ्या कागदावर करावी लागते आणि सल्लागाराच्या कामाच्या कक्षेत ती लिहिलेली असेल तरच होते. म्हणून माहिती अधिकाराच्या अर्जात पादचाऱ्यांच्या मोजणीचा तक्ता आवर्जून मागावा. ती झालीच नसेल तर ‘उपलब्ध नाही’ एवढे उत्तरही बरेच काही सांगून जाते.

भविष्याच्या अंदाजाची गोष्ट याहून गंभीर आहे. वाहतूक दरवर्षी 5 टक्क्यांनी वाढेल असे धरले तर 20 वर्षांत ती अडीचपटीहून थोडी जास्त होते. 7 टक्के धरले तर जवळजवळ चौपट. या दोन टक्क्यांच्या फरकावर दोन मार्गिकांचा पूल चार मार्गिकांचा होऊ शकतो. तो दर कुठून आला? वाहन नोंदणीच्या आकड्यांवरून, की दुसऱ्या एखाद्या अहवालातून उचलला? पुण्यात विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल मेट्रो आणि नव्या दुमजली पुलासाठी 2020 मध्ये पाडला. तो बांधताना धरलेला अंदाज आणि पाडण्याआधी मोजलेली वाहतूक शेजारी शेजारी ठेवून पाहण्याचा हक्क पुणेकरांना आहेच. असा ताळा आपल्या कोणत्याही शहरात नेमाने व्हायला हवा.

हक्क आहे म्हणजे कायद्यानेच आहे. माहिती अधिकार अधिनियम 2005 मधली ‘माहिती’ची व्याख्या भरपूर ऐसपैस आहे. अहवाल, अभिप्राय, सल्ले, करार, नमुने, प्रतिमाने, इलेक्ट्रॉनिक स्वरूपातली आधारसामग्री असे सगळे तिच्यात येते. महाराष्ट्रात जोडपत्र ‘अ’ भरून 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला की अर्ज होतो. विषय एकच आणि मजकूर साधारण 150 शब्दांत असावा असा इथला नियम आहे. त्यात ‘पूल का बांधता?’ असे विचारू नये. ‘का’ हा प्रश्न म्हणजे माहिती नव्हे, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने 2008 मध्येच म्हटले आहे. मागायचा तो कागद: सल्लागाराचा कार्यादेश, मोजणीचे मूळ तक्ते, चित्रीकरण, वाढीचा दर धरल्याची टिपणी. सिग्नलच्या वेळा वाहतूक पोलिसांकडे असतील तर अर्ज पाच दिवसांत तिकडे पाठवण्याची जबाबदारी महापालिकेची.

‘आकडे सल्लागाराकडे आहेत, आमच्याकडे फक्त अहवाल आहे’ हे उत्तर मला स्वतःला एका कार्यालयातून आलेले आहे. ते मान्य करू नये. खासगी संस्थेकडची जी माहिती सार्वजनिक प्राधिकरण कायद्याने मिळवू शकते, तीही याच व्याख्येत बसते. ज्या मोजणीचे पैसे करातून गेले, ती करारानुसार मागवून घेणे महापालिकेला अवघड नाही. ‘फाईल सापडत नाही’ हेही कारण चालत नाही. नकाराची कारणे कायद्याने कलम 8 आणि 9 मध्ये नेमकी सांगितली आहेत, त्यांत हे नाही. आणि जिथे ही सोय अजून चालू असेल तिथे अर्जाआधीच एकदा सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळेत जाऊन फाईल उघडून बघावी. पुणे महापालिकेत सुरू झालेली ही पद्धत 2018 मध्ये राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर स्थानिक स्वराज्य संस्थांनाही लागू केली. फाईल चाळली की कोणते पान मागायचे ते नीट कळते.

पण हा रस्ता फार लांबचा आहे. उत्तराला 30 दिवस, पहिल्या अपिलाला 30 ते 45 दिवस, आणि पुढे राज्य माहिती आयोगाकडे प्रलंबित प्रकरणांचा आकडा लाखाच्या घरात. आयोगात सुनावणी लागेपर्यंत पुलाचे खांब उभे राहतात आणि मग तक्ता हाती आला तरी उपयोग काय? म्हणून कलम 4 महत्त्वाचे. लोकांवर परिणाम करणारा महत्त्वाचा निर्णय जाहीर करताना त्याची सगळी संबंधित तथ्ये आपणहून प्रसिद्ध करावीत असे ते सांगते. अर्ज येण्याची वाट बघायची गरजच नाही.

यावर काही अभियंते म्हणतात की हे तज्ज्ञांचे काम आहे, लोक कच्च्या आकड्यांचे भलतेच अर्थ काढतील. तज्ज्ञांचे ज्ञान मला मोलाचे वाटते. पण मोजणीच्या दिवशी चौकातला सिग्नल बंद होता की चालू, हे कोपऱ्यावरचा पेपरवाला त्यांच्यापेक्षा खात्रीने सांगू शकतो. त्याला तो तक्ता दिसू तर द्या. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. सल्लागाराच्या निविदेत एक अट घालावी: मूळ तक्ते, चित्रीकरण आणि गृहीतके महापालिकेकडे जमा होऊन संकेतस्थळावर आल्याशिवाय शेवटचे देयक अदा होणार नाही, आणि स्थायी समितीपुढे प्रकल्पाचा विषय त्यानंतर किमान महिनाभराने येईल.