मैदानातली भाजी

पॉल क्विन हे अमेरिकेच्या डॅलस शहरातले छोटे कॉलेज. मुळात कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी १८७२ साली टेक्सासमध्येच स्थापन झालेले. २००७ मध्ये ते बंद पडायच्या बेतात असताना नवे अध्यक्ष मायकेल सॉरेल यांनी फुटबॉलचा संघच मोडीत काढला. खर्च झेपत नव्हता. २०१० मध्ये त्याच मैदानावर शेती सुरू झाली, कारण आसपासच्या वस्तीत ताजी भाजी मिळेल असे धड दुकान नव्हते. गोलचे खांब मात्र तसेच राहिले आणि मैदानात वाफे आले.

योग्यच झाले, असे आपण पटकन म्हणतो. भुकेपुढे खेळ कसला? मी मात्र इथे अडखळतो. केवळ खेळाच्या ओढीने कॉलेजची पायरी चढलेल्या पोराचे काय? त्याचे मैदान गेले, आणि या त्यागाच्या हिशेबात त्याचे नाव कुणी लिहिले नाही.

शिवाय मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये लाखाहून अधिक माणसे बसतात. तिथे वाफे घालायचे का, असे कुणी विचारत नाही. पोट की खेळ, ही निवड गरिबाच्याच दारात का येऊन उभी राहते?

सॉरेल यांना मी दोष देत नाही. त्यांच्या जागी मीही कुदळच हाती घेतली असती. या शेतातली भाजी पुढे डॅलस काउबॉइज या बड्या व्यावसायिक फुटबॉल संघाच्या स्टेडियममध्ये विकली गेली. सामना बघायला आलेल्यांच्या ताटात.