मारीचाची हाक

भय ही मनुष्याला नको असलेली वस्तू; तरी तीच तो दाम मोजून विकत घेतो, आणि पुरेशी पदरात पडली नाही तर फसवणूक झाल्याची तक्रारही करतो. या विसंगतीचा विचार पूर्वसूरींनी पुष्कळ केला आहे. आम्हांस तिच्या एका अलीकडच्या रूपाविषयी लिहावयाचे आहे. चित्रांच्या चौकटींतून सांगितलेल्या दीर्घ भयकथा, ज्यांस चित्रकादंबऱ्या म्हणतात, त्या इंग्रजी भाषेत आता केवळ ऐकण्यासाठी म्हणून संपूर्ण नटसंचासह ध्वनिमुद्रित होऊ लागल्या आहेत. एकाने पुस्तक वाचावे व इतरांनी ऐकावे असा हा प्रकार नव्हे. प्रत्येक पात्राला निराळा नट, मागे संगीत, पावलांचे, दारांचे, वाऱ्यापावसाचे ध्वनी, असा सगळा नाटकाचा थाट. रंगभूमी तेवढी नाही.

जो हिल यांनी लिहिलेली आणि गाब्रिएल रॉद्रिगेस या चिली देशातील चित्रकाराने रेखाटलेली 'लॉक अँड की' ही मालिका २००८ ते २०१३ या काळात प्रसिद्ध झाली. तिचे श्राव्य रूपांतर २०१५ साली 'ऑडिबल'ने प्रसिद्ध केले. दिग्दर्शक विल्यम डुफ्रिस, नट पन्नासांहून अधिक, आणि श्रवणाचा काळ सुमारे तेरा तास. पुढे २०२० साली नील गेमन यांच्या 'द सँडमॅन'चे रूपांतर डर्क मॅग्ज यांनी याच धर्तीवर केले. आपल्याकडील भयकथा नारायण धारप, रत्नाकर मतकरी यांच्या लेखणीतून आली ती मुख्यतः शब्दांतूनच. त्यामुळे चित्र पुसून त्याचा ध्वनी करण्याचा हा खटाटोप मराठी वाचकाला काहीसा उफराटा वाटला तर नवल नाही.

चित्रकथेतून चित्रच काढून घेतल्यावर उरते काय, ही शंका प्रथमदर्शनी कोणालाही यावी, आणि ती रास्त आहे. 'लॉक अँड की'मधील 'स्पॅरो' हे २०१० सालचे प्रकरण घ्या. घरातील धाकटा मुलगा बोडी याच्याभोवती ते फिरते, आणि रॉद्रिगेस यांनी तेथे 'कॅल्व्हिन अँड हॉब्ज' या खेळकर चित्रमालेचे जनक बिल वॉटरसन यांच्या रेषेची धाटणी मुद्दाम उचलली आहे. बालसुलभ, हसऱ्या रेषेत भय येऊन उभे राहते, यातच त्या प्रकरणाची सारी खुमारी. रेषेचा हा श्लेष कोणता नट गळ्यातून काढणार? तो गेला तो गेलाच. परंतु या हानीचा हिशेब कलासमीक्षकांनी मांडावा. आमच्या मनात घोळतो तो प्रश्न नीतीचा आहे. दुसऱ्याच्या यातनेचे चित्र करमणुकीसाठी पाहणे आणि दुसऱ्याच्या यातनेची किंकाळी करमणुकीसाठी ऐकणे, ही दोन्ही कर्मे एकच मानावयाची काय?

आमच्या मते ती एक नव्हेत.

चित्रातील किंकाळी मुकी असते. एखादे विस्फारलेले तोंड, त्याच्या बाजूस ठसठशीत अक्षरे, एवढाच तिचा संसार. वाचक तिच्यावर थांबू शकतो, तिला ओलांडू शकतो, पुस्तक मिटून चहाला जाऊ शकतो. डोळ्याला निसर्गाने पापणी दिली आहे. कानाला दिलेली नाही. लेसिंग या जर्मन पंडिताने १७६६ साली 'लाओकून' या ग्रंथात शिल्प व काव्य यांच्या मर्यादा आखून दिल्या, तेव्हा त्याच्यापुढे मुळात हाच प्रश्न होता: सर्पांच्या विळख्यात सापडलेल्या पुरुषाला व्हर्जिलच्या काव्यात आक्रोश करू दिला आहे, मग शिल्पकाराने त्याचे तोंड पुरते का उघडले नाही? स्थिर रूपात गोठलेली किंकाळी पाहवत नाही, ती विद्रूप होते, असे त्याचे उत्तर. आमची चित्रकादंबरी या दोहोंच्या सीमेवर उभी आहे. तिच्या चौकटी स्थिर असतात, पण दोन चौकटींमधील कोऱ्या पट्टीत काळ वाहतो, आणि तो किती वेगाने वाहावा हे वाचक ठरवितो. श्राव्य रूपांतरात हा अधिकार वाचकाच्या हातून निघून दिग्दर्शकाच्या हाती जातो. यंत्र थांबविता येते हे खरे; पण किंकाळी कानात शिरल्यानंतर.

याहून मोठी गोष्ट निराळीच आहे. अमेरिकेत १९३४ साली विलिस कूपर यांनी 'लाइट्स आउट' ही भयनाट्यांची नभोवाणीमालिका सुरू केली. १९३६ पासून ती आर्च ओबोलर यांच्याकडे आली. मस्तक धडावेगळे झाल्याचा ध्वनी हवा असला म्हणजे तेथे कोबीचा गड्डा चिरीत, असे सांगतात. मनुष्याचे शरीर आतून बाहेर उलटले जाते अशी एक अचाट कल्पना ओबोलरच्या एका श्रुतिकेत आहे. तिच्यासाठी भिजविलेला रबरी हातमोजा उलटा सोलून काढीत. आता या प्रसंगी भयंकर असे काय घडले? ध्वनिमंदिरात एक कोबी चिरला गेला. संध्याकाळच्या भाजीहून अधिक काही नाही. मस्तक तुटले ते ऐकणाऱ्याच्या मनात, आणि ते कसे होते, त्याचे केस काळे की पिकलेले, हेही त्यानेच ठरविले. चित्रकाराने रक्त काढले तर त्या रक्ताचा धनी चित्रकार. आपण नाक मुरडून त्याच्यावर खापर फोडू शकतो. श्रुतिकेत अर्धी चित्रकारी ऐकणारा करतो, आणि रंग स्वतःच्या आठवणींतले वापरतो.

होरेस या रोमन कवीने नाटकात काय दाखवावे व काय केवळ सांगावे याचा विचार करताना असे मत दिले आहे की, कानावाटे आलेले मनाला कमी हलविते, डोळ्यांपुढे आलेले अधिक. म्हणून मुलांची हत्या रंगभूमीवर नको, ती पडद्याआड होऊ द्यावी. निष्कर्ष आम्हांस मान्य आहे, कारण मान्य नाही. आपल्या नाट्यशास्त्रानेही युद्ध, मृत्यू, नगराचा वेढा ही रंगभूमीवर प्रत्यक्ष दाखवू नयेत असे सांगितले. पण पडद्याआडून आलेला शब्द दुबळा असतो म्हणून नव्हे, असे आम्हांस वाटते. इस्किलसच्या 'आगामेम्नॉन' नाटकात, ख्रिस्तपूर्व ४५८ मध्ये, राजा महालाच्या आत मारला जातो आणि प्रेक्षकांस ऐकू येते ती फक्त त्याची आरोळी. बाहेर नगरातील वृद्धांचा समूह उभा आहे. तो काय करतो? चर्चा करतो. एक म्हणतो आत घुसावे, दुसरा म्हणतो नगरात दवंडी द्यावी, तिसरा म्हणतो आधी खात्री करून घ्यावी. आणि एकेकाचे मत मांडून होईपर्यंत दरवाजा उघडतो, तो राजाचे प्रेतच पुढे येते. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या कवीने प्रेक्षकाचेच रूप रंगभूमीवर आणून उभे केले, असे आम्हांस हा प्रसंग वाचताना नेहमी वाटते.

कारण आरोळी ही केवळ ध्वनी नव्हे. ती हाक आहे. चित्र आपणांस बोलावीत नाही, ते पाहून घ्या म्हणते. हाक बोलाविते, आणि हाकेला ओ द्यावी हा आपल्या लोकजीवनातील पहिला धर्म आहे. शेजारच्या भिंतीपलीकडून कोणी ओरडले तर आपण ते कोण, कोठले, हे न विचारता उठतो; निदान उठावे अशी अपेक्षा असते. दशरथाने घडा भरण्याचा आवाज ऐकून हत्ती समजून बाण सोडला. शब्दाने त्याला फसविले. पण पाठोपाठ मनुष्याचा आक्रोश कानी पडताच धनुष्य टाकून तो धावला, आणि त्या आक्रोशाने त्याला जन्मभर सोडले नाही.

आता प्रश्न असा की, हाक खोटी असेल तर? रामायणातच त्याचे उदाहरण आहे. मारीचाने मरताना रामाचा आवाज काढून सीतेला व लक्ष्मणाला हाक मारली. श्राव्य नाट्याचा आद्य नट म्हणून आम्ही त्याचे नाव सुचवू. त्याची हाक दोघांनी ऐकली. सीता व्याकुळ झाली आणि लक्ष्मणाला तिने नको ते बोलून घालविले. लक्ष्मण शांत होता, कारण रामावर असे संकट येणे नाही, हा राक्षसी माया आहे, हे त्याला ठाऊक होते. दोघांचेही वागणे आपापल्या जागी समर्थनीय आहे. भयनाट्याच्या श्रोत्याकडून मात्र अशी अपेक्षा असते की त्याने एकाच वेळी दोघेही व्हावे: सीतेप्रमाणे कळवळावे आणि लक्ष्मणाप्रमाणे जागचे हलू नये. हे जमते तोवर रस आहे. पैकी सीता निघून गेली आणि एकटा लक्ष्मण उरला, म्हणजे काय उरते, हा आमचा खरा प्रश्न आहे.

यावर रसशास्त्राचे अभ्यासक म्हणतील की, हे सारे अभिनवगुप्ताने हजार वर्षांमागे सोडवून ठेवले आहे. भयानक रसाचे उदाहरण म्हणून त्याने शाकुंतलाच्या आरंभीचा, दुष्यंताच्या रथापुढे जीव घेऊन पळणारा हरिण घेतला. त्या हरिणाचे भय रसिक अनुभवतो ते 'मी भ्यालो' असे नव्हे, 'हा भ्याला' असेही नव्हे. स्थळकाळाची व आपपराची बंधने गळून केवळ भय उरते, आणि म्हणूनच ते आस्वाद्य होते. युक्तिवाद सुंदर आहे, आणि रंगमंदिरात बसलेल्या सहृदयाच्या बाबतीत आम्ही तो मान्यही करतो. पण त्या सहृदयाच्या भोवती सभा होती, दीप होते, नांदी झालेली होती. तो रसास्वाद घेण्यासाठी घरून निघून आलेला होता. आजचा श्रोता कानात यंत्राची बोंडे घालून लोकलच्या गर्दीत उभा असतो, किंवा ओट्याशी कणीक मळीत असतो. आवाज बाहेरून येत नाही, थेट मस्तकाच्या आत बोलतो, इतका जवळ की तेथे साधारणीकरणाला लागणारे अंतरच राहत नाही. आणि मन मात्र अर्धे पोळीकडे असते. कोणी जिवाच्या आकांताने हाक मारीत आहे आणि आपला हात लाटण्यावरून हलत नाही, ही सवय तेरा तेरा तास लावून घेतल्यावर तिचा परिणाम काहीच होत नसेल असे आम्ही म्हणू धजत नाही. रिचर्ड ह्यूज यांची कोळशाच्या खाणीतील अपघातावरची श्रुतिका लंडनच्या नभोवाणीने १९२४ च्या जानेवारीत ऐकविली, तेव्हा श्रोत्यांनी घरातले दिवे मालवून ऐकावे असे सुचविण्यात आले होते. त्या सूचनेत कौतुकाचा भाग असेल. पण दिवा मालविणे ही एक प्रकारची नांदीच होती. आजच्या श्रोत्याला ती कोणी सांगत नाही.

म्हणून अशा रूपांतरांचा न्याय करताना आम्ही एकच विचारतो: हाक मारणाऱ्याला कथेत ओ मिळते काय? 'द सँडमॅन'मधील 'ट्वेंटी-फोर अवर्स' हे १९८९ सालचे प्रकरण प्रसिद्ध आहे. जॉन डी नावाचा एक वेडा मनुष्य एका खाणावळीत बसून तेथे आलेल्या लोकांची मने चोवीस तास पिळून काढतो आणि तमाशा पाहत राहतो. श्राव्य रूपात गेमन यांनी स्वतः निवेदन केले आहे, आणि हे निवेदन लक्ष्मणाचे काम चोख बजावते. ही सांगितलेली गोष्ट आहे याचा विसर पडू देत नाही. पण त्याचमुळे एक विपरीत गोष्टही घडते. शांतपणे बसून इतरांच्या यातना ऐकणारा त्या खोलीत दुसरा एक जण आहे, आणि तो जॉन डी. श्रोत्याला मिळालेली खुर्ची त्याच्या शेजारची आहे. पुस्तकात आपण पान उलटून तेथून उठू शकत होतो. लेखकाचा हेतू श्रोत्याला हीच जागा दाखवून लाजविण्याचा असेल तर तो मोठा आहे. परंतु सर्वच श्रोते लाजतात असे मानण्यास आम्ही तयार नाही.

'लॉक अँड की'ची गोष्ट निराळी. तिच्या आरंभीच रेंडेल लॉक या गृहस्थाचा खून होतो. किंकाळी आधी, ओळख नंतर, असा हा उलटा क्रम. पण उरलेली सारी कथा त्या एका किंकाळीला दिलेली ओ आहे. विधवा झालेली नीना मद्याच्या आहारी जाते, थोरला टायलर अपराधाच्या भावनेने खचतो, किन्सी आतून मिटते, बोडी लहान असल्यामुळे प्रश्न विचारीत सुटतो. चित्रात नीनाचे मद्यपान आपण एका दृष्टिक्षेपात समजून घेतो व पुढे जातो. कानाला ते इतके स्वस्तात सुटत नाही. जड झालेली जीभ ऐकावी लागते, मुलाने उत्तर देण्याआधी घेतलेला श्वास ऐकावा लागतो. येथे चित्र गमावून काही मिळविले आहे असे आम्ही निःशंकपणे म्हणू. राक्षसांच्या गर्जना आणि संगीताचा गदारोळ यांविषयी मात्र आम्ही उदास आहो. तो भाग कोबीच्या जातीचा.

याच कथेत डोके उघडणारी एक किल्ली आहे. ती मानेत फिरविली की मस्तकातील वस्तू बाहेर काढता येतात. किन्सी त्या किल्लीने आपले भय आणि आपले रडे काढून बाटलीत कोंडून ठेवते. मग ती धीट होते, हसरी होते. आणि ज्या गुहेत पाण्याची भरती येते तेथे मित्रमैत्रिणींना बेधडक घेऊन जाते, व सर्वांचे प्राण कंठाशी येतात. भयकथा वाचूच नयेत म्हणणाऱ्या सज्जनांनी हा भाग अवश्य पाहावा. चित्रात ती बाटली समोर दिसते, काचेआडचे इवले जीवही दिसतात. श्राव्य रूपात काहीच दिसत नाही. ऐकणाऱ्याला ती बाटली आपल्या मनात घडवावी लागते, आणि तिच्यात घालावयाला त्याच्यापाशी किन्सीचे भय नसते, स्वतःचेच असते. तेरा तासांपैकी निदान तेवढी घटका तरी श्रोत्याने हातातले काम बाजूस ठेवावे, आणि जमल्यास दिवाही मालवावा, एवढीच आमची सूचना आहे.